नेमलेली पुस्तकं, निवडलेले विषय

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं, तेव्हा त्याच्याकडे एकही वर्ग नव्हता. फळा नव्हता, पगारी प्राध्यापक नव्हता. ही काही हलाखी नव्हती, योजनाच तशी होती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने लंडन विद्यापीठाचा नमुना हिंदुस्थानसाठी ठरवून टाकला होता, आणि लंडन विद्यापीठ त्या काळी शिकवत नसे, परीक्षा घेत असे. शिकवायचं ते एल्फिन्स्टनने, पुण्याच्या सरकारी कॉलेजाने, पुढे विल्सनने. विद्यापीठाने पेपर काढायचे, तपासायचे आणि पदव्या वाटायच्या. दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर ही १८७० च्या दशकातली शोभा. त्याआधीचं विद्यापीठ म्हणजे एक रजिस्ट्रार, काही फेलो मंडळी आणि परीक्षांचं वेळापत्रक.

‘यंदा काय शिकायला मिळेल’ याच्या आधी ‘पेपरात काय येईल’ हे विचारायची सवय आपल्याकडच्या विद्यार्थ्याला लागली, तिचं एक मूळ या रचनेत आहे. ‘पोर्शन संपला का?’ हा कट्ट्यावरचा प्रश्न आज ऐकू येतो तसाच तो थोड्या वेगळ्या शब्दांत तेव्हाही ऐकू येत असणार.

याच्या आधी सगळं बरं होतं, असं म्हणायचा मोह होतो. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली, ती पेशवाईतल्या दक्षिणेच्या पैशांतून. तिथे न्याय, व्याकरण, वेदान्त, अलंकार, ज्योतिष, धर्मशास्त्र हे विषय वेगवेगळ्या शास्त्र्यांकडे असत, आणि विद्यार्थी एकाच शास्त्रामागे वर्षानुवर्षं राही. परीक्षेसाठी नेमलेल्या पुस्तकांची घाई नव्हती. विषय निवडायची मोकळीकही होती. पण कोणाला? सुरुवातीची तीसेक वर्षं त्या वाड्याचं दार ब्राह्मण मुलांपुरतंच उघडं होतं. तेव्हा त्या जुन्या निवडीच्या आठवणीने गहिवरण्याचं कारण नाही.

विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. शंभरावर मुलं बसली आणि जेमतेम वीस-बावीस पास झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली परीक्षा झाली, तीत चौघे उतरले: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांच्या या तुकडीकडे पाहिलं, की अभ्यासक्रम आणि विद्यार्थी यांचं नातं किती तिरकं असू शकतं ते दिसतं. भांडारकर पुढे जगभर संस्कृतचे पंडित म्हणून गाजले, पण कॉलेजात त्यांचा ओढा गणिताकडे. संस्कृतच्या अभ्यासात ते पुरते बुडाले ते पदवीच्या सुमारास आणि नंतर. रानड्यांनी इतिहास आणि अर्थशास्त्र घेतलं आणि नेमलेल्या पुस्तकांच्या कितीतरी बाहेर वाचलं. एवढं, की तरुणपणीच डोळ्यांनी दगा दिला. त्यांच्या चरित्रांत एक हकीकत हमखास येते. ब्रिटिश अमलाची मराठ्यांच्या राज्याशी तुलना करणारा एक निबंध त्यांनी लिहिला, प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना तो रुचला नाही आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. इतिहास हा विषय शिकायला मिळणार, ही विद्यार्थ्याची अपेक्षा रास्त ठरली. त्या विषयात स्वतःचं मत मांडता येईल, ही मात्र जरा महागात पडली.

हे ग्रँट साहेब या कथेत पुन्हा येतात. ते ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे अभ्यासक, ऑक्सफर्डच्या तालमीतले. एल्फिन्स्टनचे प्राचार्य, मग विद्यापीठाचे कुलगुरू, मग शिक्षणखात्याचे संचालक अशा चढत्या पायऱ्यांवरून त्यांनी १८६० च्या दशकात विद्यापीठाची घडी बसवली. उच्च शिक्षण म्हणजे अभिजात भाषा, हा त्यांचा पक्का समज. सुरुवातीला विद्यापीठाच्या परीक्षांना दुसरी भाषा म्हणून मराठी, गुजराती चालत असे. या दशकात ती सवलत गेली, आणि मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांत इंग्रजीच्या जोडीला संस्कृत, फारसी, अरबी, लॅटिन अशांपैकी एक भाषा आली. मराठी मुलखातला पदवीधर मराठीचा एकही पेपर न देता पदवीधर होऊ लागला.

नियम बदलला की बाजार बदलतो. संस्कृत घेणाऱ्या मुलांची एकदम रांग लागली. त्यांना पाठशाळेच्या पद्धतीने बारा वर्षं व्याकरण घोकायला वेळ नव्हता. भांडारकरांनी १८६४ मध्ये ‘मार्गोपदेशिका’ लिहिली आणि पाठोपाठ ‘संस्कृत मन्दिरान्तःप्रवेशिका’. इंग्रजी शाळेतल्या मुलाला धड्याधड्याने, स्वाध्याय सोडवत संस्कृतात शिरता यावं, ही त्यांची रीत. ही पुस्तकं इतकी टिकली, की पणजोबा आणि पणतू दोघांनी त्याच पानावरचा स्वाध्याय सोडवला, अशी घरं महाराष्ट्रात सापडतील. पुढे वामन शिवराम आपटे आले. फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य. त्यांचं संस्कृत रचनेचं मार्गदर्शक पुस्तक आणि १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश दोन्ही विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवूनच झाले. मग मो. रा. काळे यांच्या कालिदास, भवभूतींच्या सटीप आवृत्त्या: मूळ संहिता, टीका, भाषांतर आणि मागे भरघोस टिपा. आज गाइड म्हटलं की नाक मुरडलं जातं. पण परीक्षेच्या गरजेतून निघालेली ही पुस्तकं विद्वत्तेत कुठे कमी नव्हती, हेही नोंदवायला हवं. बाजारात त्यांचे पुढचे वंशज आले ते ‘२१ अपेक्षित’च्या रूपाने, आणि वंशात काही गुण पिढीगणिक पातळ होतात.

मराठीचं काय झालं? रानड्यांना ती गोष्ट आयुष्यभर खटकत राहिली. न्यायमूर्ती झाल्यावर, विद्यापीठाच्या सेनेटमध्ये बसून, १८९० च्या दशकात त्यांनी देशी भाषांचा प्रश्न पुन्हा उकरला. मराठीत अभ्यासण्याजोगं साहित्य आहेच कुठे, या आक्षेपाला उत्तर म्हणून त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर इंग्रजीत टिपण तयार केलं, पुस्तकांची मोजदाद मांडली. १९०१ च्या जानेवारीत ते वारले आणि त्याच वर्षी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला शिरकाव मिळाला. वरच्या टोकाने आत घेतलेली भाषा खालच्या वर्गांपर्यंत उतरायला मग बराच काळ गेला.

टिळकांचा कॉलेजप्रवेश या सगळ्याच्या मधला, १८७२ च्या मॅट्रिकनंतरचा. डेक्कन कॉलेज तेव्हा येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत येऊन काही वर्षंच झाली होती. कवी वर्डस्वर्थचे नातू विल्यम वर्डस्वर्थ तिथे इंग्रजी साहित्य शिकवत, आणि गणिताला केरो लक्ष्मण छत्रे होते. पहिल्या वर्षी या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाकडून काहीच अपेक्षा ठेवली नाही. त्याने शरीर कमवायचं ठरवलं. तालीम, पोहणं, खाणं. वर्ष गेलं ते गेलंच, पण प्रकृती कमावली, आणि ती पुढे मंडालेपर्यंत उपयोगी पडली. मग गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. कायद्याला गेल्यावर हिंदू धर्मशास्त्रावरचे इंग्रजी सारांश वाचून भागत असताना त्यांनी मूळ स्मृतिग्रंथ काढून वाचले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. छत्र्यांवर त्यांची भक्ती होती. विषय आवडण्याचं कारण बहुतेक वेळा एखादा माणूस असतो, पुस्तिका नसते. एम.ए. मात्र गणितात प्रयत्न करूनही त्यांना जमलं नाही, आणि ओरायनच्या लेखकाला हे सांगायला कधी संकोच वाटला असेल, असं दिसत नाही.

गणिताने सगळ्यांवर अशी कृपा केली नाही. हरिभाऊ आपट्यांना साहित्यात रस, वाचन अफाट. गणित सक्तीचं, आणि तेच नेमकं आडवं आलं. पदवी राहिली ती राहिलीच. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणारा माणूस विद्यापीठाच्या वहीत नापास.

या काळच्या विद्यार्थ्याच्या मनात डोकावायचं तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा लेख वाचावा. शाळा-कॉलेजांतल्या आपल्या अनुभवांवर त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सविस्तर लिहिलं आहे. राजवाडे १८८० च्या दशकात डेक्कन कॉलेजात होते आणि १८९० च्या सुमारास पदवीधर झाले. त्यांचा हिशेब सरळ होता. परीक्षेपुरता अभ्यास परीक्षेच्या तोंडावर उरकायचा, आणि उरलेला सगळा वेळ ग्रंथालय, व्यायाम आणि स्वतःला हवं ते वाचन यांत घालवायचा. प्राध्यापकांच्या व्याख्यानांबद्दल त्यांनी जे लिहिलं आहे ते वाचून त्या प्राध्यापकांची कीव यावी. राजवाड्यांचा तिखटपणा वजा केला, तरी तक्रारीचा गाभा उरतोच: नेमलेली पुस्तकं आणि मुलांची भूक यांचा मेळ नव्हता. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करत गावोगाव भटकणारा हा माणूस आपला विषय कॉलेजात शिकला नाही. तो विषय तेव्हा कुठल्याच वेळापत्रकात नव्हता.

वर्गाच्या आत असलेल्यांची ही गाऱ्हाणी. बाहेर असलेल्यांची मागणी वेगळी होती.

जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीची मागणी म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण त्यात विद्यापीठाबद्दल एक बारकी सूचना आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. प्रवेशपरीक्षेला खाजगी अभ्यास करून बसता येतं, ही सोय त्यांना मोलाची वाटत होती. तीच सवलत बी.ए., एम.ए.लाही द्या, असं त्यांनी मागितलं. कॉलेजची फी, वसतिगृह, पुण्या-मुंबईची राहणी ज्यांच्या आवाक्यात नाही, त्यांनी घरी अभ्यास करावा आणि पेपर द्यावा. गंमत पाहा: ज्या ‘फक्त परीक्षा घेणाऱ्या’ विद्यापीठाला नंतरच्या पिढ्यांनी नावं ठेवली, त्यात फुल्यांना गरिबांसाठी एक फट दिसली. परीक्षक विचारत नाही की तू कुठे बसून वाचलंस.

स्त्रियांना या परीक्षा १८८३ मध्ये खुल्या झाल्या. पाठोपाठ कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात आल्या, त्या कॉलेजातली पहिली विद्यार्थिनी. त्यांच्या आठवणींत मुलं वर्गाचं दार त्यांच्या तोंडावर लावून घेत, असं आहे. पदवीपरीक्षेत त्यांनी अव्वल यश मिळवलं. त्या यशावर मिळायची ती विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र बाईला देता येत नाही म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले, त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि कायद्याच्या परीक्षेला बसल्या.

बायकांनी तोच अभ्यासक्रम घ्यायचा की वेगळा, यावर महाराष्ट्रात पुढे मोठा खल झाला. धोंडो केशव कर्वे यांनी फर्ग्युसनला गणित शिकवलं होतं. जपानच्या स्त्रियांच्या विद्यापीठाबद्दलची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि तिने त्यांच्या मनात घर केलं. १९१६ मध्ये त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. शिकवायचं मराठीत, इंग्रजी सक्तीचं, पण विषय म्हणून, गृहजीवनशास्त्र आणि आरोग्यशास्त्र हे अभ्यासक्रमात, गणित ऐच्छिक. गणिताच्याच प्राध्यापकाने गणित ऐच्छिक करावं, यात त्यांचा मोकळा स्वभाव दिसतो. पदव्यांनाही देशी नावं: बी.ए.च्या तोडीची ‘गृहीतागमा’, एम.ए.च्या तोडीची ‘प्रदेयागमा’. टीका दोन्ही बाजूंनी झाली. कुणाला हे शिक्षण कमअस्सल वाटलं, कुणाला त्यात बाईला पुन्हा चुलीपाशी नेऊन बसवणं दिसलं. दुसरा आक्षेप आजही सहज खोडता येत नाही. पण मराठीतून पदवीपर्यंत शिकता येतं, हे त्या विद्यापीठाने तेव्हा करून दाखवलं, जेव्हा मुंबई विद्यापीठ एम.ए.च्या दारातून मराठीला नुकतं कुठे आत घेत होतं. सरकारी मान्यता नव्हती, त्यामुळे पदवीवर नोकरी मिळेलच असं नाही. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर ते एस.एन.डी.टी. झालं, कायद्याने विद्यापीठ ठरायला स्वातंत्र्य यावं लागलं.

हवा असलेला विषय कुठेच शिकवत नसतील तर काय करायचं? गोव्यातल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी याचं जे उत्तर शोधलं, त्यात काही वर्षं आणि चार देश खर्ची पडले. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचून त्यांना बौद्ध धर्म मुळातून जाणून घ्यायची ओढ लागली. १८९९ मध्ये घर सोडलं. पुण्यात भांडारकरांना भेटले, संस्कृतसाठी काशी गाठली, तिथे अन्नछत्रात जेवून राहिले. नेपाळला गेले ते निराश होऊन परतले. गयेत कळलं की पाली शिकायचं तर सिंहलद्वीपाला जायला हवं. मग तिथे, मग ब्रह्मदेशात. परत आले ते पाली पंडित होऊन, आणि कलकत्त्यात शिकवू लागले. महाराष्ट्रात राहून काम करावं म्हणून सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपयांचं वेतन बांधून दिलं. भांडारकरांच्या साह्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळाली आणि १९१२ पासून धर्मानंद फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत ही त्या वर्गातली मुलं. म्हणजे पुण्यातल्या मुलाला अर्जात ‘पाली’ लिहिता यावं, यासाठी आधी एका माणसाला कोलंबोपर्यंत जावं लागलं.

याच अभिजात भाषेच्या रकान्यात भीमराव आंबेडकरांची गाठ एका बंद दाराशी पडली. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. शिक्षकाने अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला नकार दिला, आणि फारसी घ्यावी लागली. १८६० च्या दशकात ग्रँट साहेबांनी देशी भाषा काढून अभिजात भाषा सक्तीच्या केल्या, तेव्हा कागदावर संस्कृत सगळ्यांसाठी होतं. ते कोणाला शिकवायचं नाही, हे विद्यापीठाने कुठे लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. पुढे आंबेडकरांनी पंडितांची मदत घेऊन संस्कृत शिकून घेतलं, ते कुठल्याही परीक्षेसाठी नव्हे.

१९०७ ला मॅट्रिक, मग बडोद्याच्या पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेज. तिथले प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तकं देत, कपडेही देत. १९१२ मध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. सयाजीरावांनी अमेरिकेसाठी शिष्यवृत्ती देताना कुठला विषय घेणार, असं विचारलं. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि त्यातही सार्वजनिक वित्तव्यवस्था, असं उत्तर दिल्याचं चरित्रांत नोंदलेलं आहे. ४ जून १९१३ ला करारावर सही झाली: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात जे हाती आलं ते मुंबईच्या पदवीधराने कधी पाहिलेलं नव्हतं. अमेरिकेत १८६९ नंतर हार्वर्डच्या अध्यक्ष एलियट यांनी विद्यार्थ्याला विषय निवडू देण्याची रीत जोरात पुढे रेटली होती आणि ती विद्यापीठांतून पसरली होती. प्राध्यापक आपापले पाठ जाहीर करत. विद्यार्थ्याने यादी वाचायची, वेळा जुळवायच्या आणि नाव नोंदवायचं. आंबेडकरांनी तीन वर्षांत काय काय घेतलं याची नोंद उरली आहे: अर्थशास्त्राचे २९ पाठ्यक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. बडोद्याशी झालेल्या बोलण्याशी ही यादी ताडून पाहण्यासारखी आहे. वित्तव्यवस्था आणि समाजशास्त्र तिथे आहेच. पण अकरा इतिहास? पाच तत्त्वज्ञान? मानववंशशास्त्र? ही कुणी नेमून दिलेली पुस्तकं नव्हती. संधी तीनच वर्षांची आहे, हे ओळखलेल्या माणसाने ताटातलं काहीही टाकायचं नाही असं ठरवलेलं दिसतं.

आणि शिक्षक कोण? वित्तव्यवस्थेला एडविन सेलिगमन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई, इतिहासाला जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल, समाजशास्त्राला फ्रँकलिन गिडिंग्ज. मानववंशशास्त्र अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्याकडे. त्यांच्याच परिसंवादात ९ मे १९१६ ला आंबेडकरांनी हिंदुस्थानातल्या जातींवरचा निबंध वाचला. म्हणजे भारतातल्या जातिसंस्थेवरचं एक मूलगामी लेखन मुळात एका ऐच्छिक विषयाचं वर्गकार्य होतं. ड्युईचा हवाला वीस वर्षांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये येतो. १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी आयुष्यातले उत्तम मित्र म्हणून तिथले काही सहाध्यायी आणि याच प्राध्यापकांपैकी काहींची नावं घेतली.

आंबेडकरांच्या कोलंबियातल्या दिवसांनंतर दहाएक वर्षांनी धर्मानंदांचा मुलगा दामोदर हार्वर्डमध्ये अशाच यादीपुढे बसला होता. गणितज्ञ बर्कहॉफ यांनी त्याला गणितावर लक्ष एकवटायचा सल्ला दिला. मुलाने ऐकलं नाही. भाषा, इतिहास, जे दिसेल ते घेत सुटला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन आला. सल्ला चुकीचा नव्हता. पण तो मानला असता तर नाण्यांची वजनं संख्याशास्त्राने तपासणारा आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढणारा इतिहासकार आपल्याला मिळाला नसता.

मुंबईतही वारं थोडं फिरलं होतं. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायची मुभा दिली आणि १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस मुंबईत समाजशास्त्र शिकवायला आले. त्यांच्या व्याख्यानांना येऊन बसणाऱ्यांत संस्कृतचा एक तरुण एम.ए. होता, गोविंद सदाशिव घुर्ये. तो विषय बदलून इंग्लंडला गेला, परत येऊन १९२४ मध्ये त्याने विभागाची सूत्रं घेतली. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बाहेर पडलेल्या इरावती कर्वे याच विभागात आल्या, चित्पावनांवर प्रबंध लिहिला आणि तिथून बर्लिनला गेल्या. परत येऊन काही वर्षं त्यांनी सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात रजिस्ट्रारचं काम केलं.

आंबेडकरांनी मुंबई विद्यापीठाबद्दलची आपली मतं १९२४ मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीपुढे मांडली. शिकवणं आणि संशोधन एका छपराखाली हवं, नुसत्या परीक्षा घेऊन विद्यापीठ होत नाही, असा त्यांचा रोख होता. स्वतःचं कॉलेज काढायची वेळ आली तेव्हा, जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू करताना, त्यांनी आधी एक अगदी साधी गोष्ट सोडवली. वर्ग सकाळी भरायचे. दहाला कचेरी किंवा गिरणी गाठणारा मुलगा त्याआधी अर्थशास्त्राचा तास बसून करू शकेल. विषयांची यादी कितीही लांब असली, तरी तासाला हजर राहता आलं नाही तर तिचा उपयोग काय, हे न्यूयॉर्कमध्ये यादीचा फडशा पाडलेल्या माणसाला नेमकं ठाऊक होतं.

गेल्या काही वर्षांत कोलंबियासारखी यादी महाराष्ट्रातल्या कॉलेजांत पोहोचली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रवेशअर्जात मेजर आहे, मायनर आहे, ओपन इलेक्टिव्ह आहे, भारतीय ज्ञानप्रणालीही आहे. क्रेडिटची बेरीज जुळली पाहिजे. विज्ञानाच्या मुलीला मराठी साहित्य घेता येतं, वाणिज्याच्या मुलाला मानसशास्त्र. कागदावर. प्रत्यक्षात तालुक्याच्या कॉलेजात त्या विषयाची जागा रिकामी असते, तासिका तत्त्वावरचे सर दोन कॉलेजांत धावत असतात, आणि वेळापत्रकात बसतील असे तीनच पर्याय उरतात. मग अर्जावर पसंतीक्रम लिहायचा: पहिला, दुसरा, तिसरा. पहिल्या पसंतीच्या विषयाला पुरेशी मुलं जमली नाहीत तर तो वर्ग उघडत नाही, आणि ऑगस्टात सूचनाफलकावर यादी लागते तेव्हा मानसशास्त्र मागितलेल्याचं नाव दुसऱ्याच विषयाखाली असतं. त्या यादीपुढे उभं राहून तो वरच्या वर्गातल्या मुलाला पहिली गोष्ट विचारतो ती म्हणजे, या विषयाचा पेपर कसा असतो.